बीपीचं मशीन घेताय? थांबा, आधी माझं ऐका

घरात साठीच्या पुढचं माणूस असलं की बीपीचं मशीन लागतंच, त्यात वाद नाही. फक्त घेताना डोकं वापरा. मशीन बरोबर मोजतं का, कुणी तपासून पास केलंय का, पट्टा बाबांच्या दंडाच्या मापाचा आहे का, असले प्रश्न दुकानदाराला विचारू नका, उगाच बिचाऱ्याचा चेहरा पडतो. ब्लूटूथ आहे का ते विचारा. ॲपमध्ये ग्राफ येतो का, तो फॅमिली ग्रुपवर टाकता येतो का ते विचारा, कारण बाबांचं बीपी कोथरूडच्या आत्याला आणि न्यू जर्सीच्या दादाला एकाच मिनिटाला कळलं नाही तर मोजून फायदा काय?

पाऱ्याच्या यंत्राचं नाव काढू नका. १८९६ ला रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरने काढलेली चीज ती, पारा उतरताना नाडी लागली की तो जिथे असेल तेवढं वरचं बीपी, बिघडलं तर पारा शून्यावर नाही हे तुम्हाआम्हालाही दिसायचं. पारा विषारी, सांडला तर ताप, त्यामुळे गेलं ते बरंच झालं (हे खरंच म्हणतोय). आता डिजिटल मशीन पट्ट्यातल्या हवेची थरथर बघतं आणि वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढतं. हिशेब कंपनीगणिक वेगळा, आणि तो आपल्याला कुणी सांगत नाही. नाडी अनियमित असेल तर गंडतोही. पण स्क्रीनवर १३७ आलं की १३७, छापील आकड्याशी कोण भांडणार?

आता मोजायची रीत. पाच मिनिटं शांत बसणं, हात टेबलावर ठेवणं हे रिकामटेकड्यांचं काम. भाजी घेऊन दोन जिने चढून आल्या आल्या शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, हात लोंबकळत सोडायचा आणि मोजता मोजता सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून फोनवर बोलायचं. १६५ आलं की गोळी डबल. शुगरचंही तसंच, मे महिन्यात हापूस चिरून झाला की हात न धुता त्याच बोटाला सुई टोचा, आकडा असा येईल की आंबा न खाताच सोडावा लागेल. आणि २०२१ मध्ये धावपळ करून मिळवलेला ऑक्सिमीटर जपून ठेवलाय ना? तेव्हा पेनाचा ऑक्सिजनसुद्धा ९८ दाखवणारी मशीनं व्हिडिओत फिरत होती, तुमचं त्यातलं नसेलच.

मशीनने एरर दिला तर घाबरायचं नाही, बटण दाबून पुढे जायचं. ही आयडिया आपली नाही, मोठ्या हॉस्पिटलांत वापरून झालेली आहे. थेरॅक-२५ नावाचं कॅनडात बनलेलं कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन होतं. आधीच्या मॉडेलला चुकीचा डोस अडवायला वेगळी सर्किटं होती, नव्यात ती काढली, म्हटलं सॉफ्टवेअर आहे ना बघायला. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी ऑपरेटर बाईंनी चुकून एक्स-रेचं अक्षर दाबलं आणि लगेच दुरुस्त केलं, त्यांचा टायपिंगचा हात फास्ट होता आणि मशीनला तेवढा फास्ट हात झेपायचा नाही. स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’. म्हणजे काय, ते मॅन्युअलमध्ये धड सांगितलेलंच नाही. असले मेसेज रोजचेच, शिवाय स्क्रीन म्हणत होता डोस अगदीच कमी गेलाय, म्हणून बाईंनी पी दाबला, पी म्हणजे चालू द्या. आत पेशंटला भाजल्यासारखा दुसरा झटका. त्या दिवशी नेमका खोलीचा कॅमेरा बंद आणि इंटरकॉम बिघडलेला. तो माणूस काही महिन्यांत गेला. कंपनीचे इंजिनिअर येऊन बघून गेले आणि म्हणाले की या मशीनमधून जास्त डोस जाणं शक्यच नाही. १९८५ ते ८७ मध्ये अशा सहा केसेस झाल्या.

तेव्हा सॉफ्टवेअर नवीन होतं हो, आता सुधारलंय. इतकं, की २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरना अपडेट जाहीर झाला. पेसमेकर वायरलेस केला म्हणजे छाती न उघडता डॉक्टरला आत डोकावता येतं, ही सोय मोठीच, फक्त त्याच दारातून दुसराही कुणी घुसू शकेल असं निघालं. मग पेशंटने डॉक्टरकडे जायचं आणि अपडेट होईतो तीनेक मिनिटं पेसमेकर बॅकअपवर चालवायचा. तुमच्या फोनचा अपडेट रात्री दोनला अडकतो तेव्हा कसं वाटतं ते आठवा, आणि हसतमुखाने ‘सहमत आहे’ दाबा.

आमच्याकडे सगळं व्यवस्थित चाललंय. बाबांच्या मशीनवर सेल संपल्याची खूण गेले दोन आठवडे लुकलुकतेय, पण नवे सेल कालच टीव्हीच्या रिमोटला घातलेत, मॅच आहे. बाबा म्हणाले, चालतंय की अजून. आत्ताच मोजलं, १२० बाय ८०. टाकलं ग्रुपवर. आत्याचा अंगठा आला.