कोणाचं काही संपलेलं नाही

सकाळी वाण्याकडे साखर आणायला गेले होते. पुढे उभे असलेले दोघे माझ्या पुतण्याबद्दल बोलत होते. पुण्यातली नोकरी गेली म्हणून पोरगा घरी आलाय, तर म्हणे, "संपलं त्याचं. आता बसेल सुपाऱ्या सोलत."

डोकं फिरलं माझं. सुपाऱ्या सोलणं ही शिक्षा कधीपासून झाली हो श्रीवर्धनात? या आळीतली किती घरं सुपारीवर उभी राहिली! आणि पंचविशीही न गाठलेल्या पोराचं संपलं काय?

३ जून २०२० विसरलात इतक्यात? निसर्ग वादळ डोक्यावरून गेलं तेव्हा सगळेच कपाळाला हात लावून हेच म्हणत होते. मीही रडत होते. निम्म्याहून जास्त सुपारीच्या पोफळी आडव्या, माड मुळासकट उपटलेले, कौलं उडून ओटीवरून आभाळ दिसत होतं. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन वाडीत गेले आणि पाण्याचा चर मोकळा करायला लागले. पुतण्या कॉलेज बंद म्हणून इथेच होता. त्याला म्हणाले, "पडली ती पडली. पाऊस तोंडावर आलाय. उभी आहेत त्यांच्या मुळाशी पाणी साचलं तर तीही जातील." आजा-नातू दिवसभर चिखलात होते. तो हा पोरगा!

हो, काही गोष्टी जातात त्या जातातच. मागल्या दारचा बरका फणस काही परत आला नाही.

पण सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात हे ठाऊक असून अण्णांनी त्याच पावसात नवी रोपं लावली. सावलीला मध्ये केळी घातल्या. आज त्या पोफळी छपराच्या वर गेल्यात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून कोळीवाड्यात कुणी "संपलं" म्हणतं का? जाळी दुरुस्त करत बसतात. चांगल्या दिवसांचंही तेच, तेही कायमचे नसतात. वाण्याकडे "संपलं" म्हणणाऱ्याच्या पर्यटकांसाठीच्या खोल्या हल्ली शनिवार-रविवार भरलेल्या असतात. भरलेल्याच राहोत. लॉकडाऊनमध्ये त्याच खोल्यांना कुलूप होतं आणि त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्याचीही वाडी गेली होती तेव्हा. धसका अजून गेला नसेल, तोच बोलला असेल. काळजीने मला रात्री जाग येते तेव्हा मी अण्णांचा तो चर आठवते. हेही दिवस जाणार, तोवर मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, एवढं मनाशी म्हटलं की झोप लागते.

पोराला मी काही समजावलेलं नाही, त्याला ते माहीत आहे. तुम्हालाच सांगते, कुणाकडे त्याच्याजोगं काम असेल तर कळवा. नसेल तर निदान वाण्याच्या दुकानात त्याचा विषय काढू नका.