टेडी केनेडी आणि एक साधा 'का?'

काल रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर काहीबाही बघत बसलो आणि पुन्हा त्या जुन्या मुलाखतीवर येऊन अडकलो. सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनलचा पत्रकार रॉजर मड, समोर सिनेटर टेड केनेडी, साल १९७९. मड विचारतो, तुम्हाला प्रेसिडेंट का व्हायचंय? बस्स, एवढंच. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पण याहून अवघड प्रश्न विचारतात हो. आणि हा माणूस अडखळतो, मग आपल्या देशात नैसर्गिक साधनसंपत्ती किती, लोक शिकलेले किती, तंत्रज्ञान कसं भारी, असं शाळेच्या निबंधासारखं काहीतरी सुरू करतो आणि ते वाक्य संपता संपत नाही.

आता परिस्थिती बघा. आडनाव केनेडी, मोठा भाऊ जॅक (म्हणजे जॉन एफ. केनेडी) प्रेसिडेंट असताना १९६३ ला मारला गेला, दुसरा भाऊ बॉबी १९६८ ला प्रेसिडेंटपदाचा प्रचार करता करता मारला गेला, आता उरला हा धाकटा, वय ४७. प्रेसिडेंट कार्टर त्याच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे पण महागाई आणि पेट्रोलच्या रांगांनी लोक वैतागलेले, त्या उन्हाळ्यात पोलमध्ये डेमोक्रॅट मतदारांत टेडी जवळजवळ दुपटीने पुढे. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वातावरण फुल टाइट, गुलाल आणायचा तेवढा बाकी.

मुलाखत दाखवली ४ नोव्हेंबरला. आणि नेमकं त्याच दिवशी तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीत घुसून तिथल्या लोकांना ओलीस धरलं! तीन दिवसांनी बोस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये टेडीने उमेदवारी जाहीर केली तोवर हवा फिरायला लागलेली, कारण देश संकटात असला की लोक खुर्चीवरच्या माणसामागे उभे राहतात. कार्टरनी पण हुशारी केली, संकट आहे म्हणून आयोवातल्या डिबेटमधून अंग काढून घेतलं आणि व्हाइट हाऊसमध्येच बसून राहिले. जानेवारीत आयोवात, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या पहिल्या फेरीत, निकाल काय, तर कार्टर ५९ टक्के, केनेडी ३१. शिवाय चॅपाक्विडिक बेटावरचं ते प्रकरण होतंच. १९६९ मध्ये याची गाडी पुलावरून पाण्यात गेली, मेरी जो कोपेक्नी नावाची २८ वर्षांची मुलगी आत अडकून गेली आणि याने पोलिसांना कळवायला दहाएक तास लावले. लोक ते विसरले नव्हते, आणि का विसरावं?

पण मला राहून राहून जे खटकतं ते वेगळंच आहे. या माणसाकडे उत्तर होतं ना राव! १९७३ मध्ये याच्या १२ वर्षांच्या मुलाचा पाय हाडाच्या कॅन्सरमुळे कापावा लागला. यांच्याकडे पैसा, विमा, सगळं होतं, पण हॉस्पिटलात बाकीच्या मुलांचे आईबाप हिशोब करत होते की आपल्याला अर्धीच ट्रीटमेंट परवडणार असेल तर पोरगं वाचायचे चान्सेस किती. हे त्याने स्वतः ऐकलेलं. कार्टरशी त्याचं बिनसलं तेही मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य विम्यावरून, डिसेंबर १९७८ मध्ये मेम्फिसला पक्षाच्या अधिवेशनात त्याने यावरच सभा गाजवली होती. मग मडसमोर ते एक वाक्य का नाही सुचलं? काहीजण म्हणतात तेव्हा अजून अधिकृत घोषणा झाली नव्हती म्हणून सांभाळून बोलत होता. असेल. मला वाटतं त्याला 'का' असं कधी कुणी विचारलंच नव्हतं, सगळे 'कधी' विचारायचे. घराण्यातल्या पोरांचं हे असं होतं.

गंमत म्हणजे हरायला लागल्यावर गडी बोलायला लागला. मार्चमध्ये न्यूयॉर्क जिंकलं, जूनच्या शेवटच्या फेरीत कॅलिफोर्निया, न्यू जर्सी पण जिंकलं, तोवर डेलिगेट्सचं (उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या प्रतिनिधींचं) गणित हाताबाहेर गेलेलं. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पक्षाच्या अधिवेशनात डेलिगेट्सना मोकळं सोडा, हवं त्याला मत देऊ द्या म्हणून शेवटचा प्रयत्न केला, तोही पडला. आणि दुसऱ्या दिवशी जे भाषण केलं, काम चालू राहील, स्वप्न मरणार नाही वगैरे, ते आजही ऐकलं की काटा येतो. मग शेवटच्या रात्री स्टेजवर कार्टर बिचारे हात उंचावून फोटो काढायला मागे मागे, आणि हा शेकहँड करून इकडून तिकडे फिरतोय. मला तो कोतेपणाच वाटला, खरं सांगतो. नोव्हेंबरच्या निवडणुकीत कार्टरविरुद्ध रिपब्लिकन रेगनने ४४ राज्यं घेतली.

२००८ मध्ये टेडी डेन्व्हरला पक्षाच्या अधिवेशनात आला तेव्हा मेंदूत ट्यूमर, वर्षभरात गेला पण. तिथे आरोग्यसेवेबद्दल बोलताना म्हणाला, हेच माझ्या आयुष्याचं ध्येय आहे. अडखळला नाही. मडला एवढंच तर ऐकायचं होतं!