वेल्फेअर ऑफिसरला उभं राहायचंय? मग नोव्हेंबरातच ठरवा

ब्रिटनमध्ये वर्षाच्या मास्टर्सला गेलेली आपली मुलं स्टुडंट्स युनियनच्या (विद्यार्थी संघटनेच्या) वेल्फेअर ऑफिसरपदाला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हिताचं बघणाऱ्या पदाला, उभी राहतात, याचं कौतुकच आहे. जाहीरनामे वाचले की मात्र कपाळावर हात मारावासा वाटतो. 'मानसिक आरोग्याला प्राधान्य.' 'सर्वांसाठी सुरक्षित कॅम्पस.' याला विरोध कोण करणार? आणि यासाठी मत तरी कोण देणार?

मुळात हे पद समुपदेशकाचं नाही. अडचणीत आलेल्या मुलाची केस सहसा सल्ला केंद्रातले पगारी कर्मचारी बघतात. ऑफिसर विद्यापीठाच्या समित्यांवर बसतो आणि तिथे मागण्या रेटतो. बहुतेक ठिकाणी तो युनियनचा विश्वस्तही असतो, म्हणजे हिशेबाची कायदेशीर जबाबदारी अंगावर. काम पूर्णवेळ, पगारी. आणि १९९४ च्या शिक्षण कायद्यानुसार अशा पदांवर एका माणसाला एकूण दोनच वर्षं राहता येतं.

म्हणून मागणी अशी हवी, की ती कोण मंजूर करणार हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. भाड्याच्या घराचंच घ्या. घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतो. नाशिकहून आलेल्या मुलीने तो आणायचा कुठून? काही विद्यापीठं स्वतःच जामीन राहतात. तुमचं राहत नसेल तर ही झाली मागणी नंबर एक. दुसरी: व्हिसासोबत आरोग्य अधिभाराचे (सरकारी आरोग्यसेवा वापरण्याच्या शुल्काचे) वर्षाला ७७६ पौंड भरून मुलं येतात आणि जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नावच नोंदवत नाहीत, ताप चढला की धावपळ. स्वागत सप्ताहात नोंदणीचं टेबल लावा. दोन मुद्दे पुरेत, बारा नकोत.

आता वेळापत्रक. तुम्ही सप्टेंबरात उतरता, आणि अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत संपते. नाताळच्या सुट्टीनंतर विचार करू म्हणणारा तिथेच बाद. नोव्हेंबरात युनियनची निवडणूक नियमावली काढून वाचा: खर्चाची मर्यादा, पोस्टर कुठे चालतं, उमेदवारांची बैठक सक्तीची आहे का.

सगळ्यात जास्त चुकतं ते मतांचं गणित. बहुतेक युनियनमध्ये पसंतीक्रमाने मतदान होतं, आणि 'रॉन', म्हणजे 'पुन्हा अर्ज मागवा', हाही एक उमेदवार असतो. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटचा बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. समजा १२०० मतं पडली. तुम्हाला ४६०, रग्बी क्लबवाल्याला ४३०, नर्सिंगच्या मुलीला २७०, रॉनला ४०. तुम्ही पुढे, ढोल-ताशाची ऑर्डर देऊन मोकळे. रॉन बाद होतो, त्याच्या मतांवर पुढची पसंतीच नाही. मग नर्सिंगची मुलगी बाद होते आणि तिच्या २७० पैकी १९० रग्बीवाल्याकडे जातात, ५० तुमच्याकडे, ३० ना इकडे ना तिकडे. निकाल: ६२० विरुद्ध ५१०. मराठी मंडळाचा अख्खा व्हॉट्सॲप ग्रुप तुमच्या पाठीशी होता, तरी पडलात. नर्सिंगची मुलं प्लेसमेंटला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, हॉस्पिटलात असतात, कॅम्पसवर भेटत नाहीत. त्यांच्या वर्गप्रतिनिधीला आधीच गाठून साधं एवढं म्हणायचं होतं: 'पहिली पसंती तिला द्या, दुसरी मला.'

आणि हो, मित्रांच्या फोनपासून लांब राहा. मतदान विद्यापीठाच्या लॉगिनने ऑनलाइन असतं. बिर्याणीच्या कार्यक्रमात मित्राचा फोन हातात घेऊन 'थांब, मीच दाबतो' म्हणणं आपल्याकडे मदत समजतात. तिथे ते दुसऱ्याच्या मतात ढवळाढवळ धरलं जातं. तक्रार झाली तर उमेदवारी जाऊ शकते. वर 'आधी मत, मग बिर्याणी' असं कुणी गमतीत लिहिलं, तर त्याचा स्क्रीनशॉट लाच म्हणून पुढे येतो.

व्हिसाचं मात्र अर्ज भरण्याआधी बघा. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना मास्टर्सच्या मुलांना आठवड्याला २० तासच काम करता येतं. युनियनचं निवडून आलेलं पूर्णवेळ पद याला अपवाद आहे. पण व्हिसा कोर्सपुरता असतो, आणि तो वाढवायला विद्यापीठाने पुन्हा प्रायोजक व्हावं लागतं. ग्रॅज्युएट व्हिसावरही (शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करण्याचा व्हिसा) हे काम चालतं, फक्त त्या व्हिसाचे महिने यात खर्च होतात. शिवाय नवे ऑफिसर साधारण जून-जुलैत रुजू होतात आणि तुमचं डेझर्टेशन (मास्टर्सचा प्रबंध) द्यायचं असतं ऑगस्ट-सप्टेंबरात. दिवसभर समितीच्या बैठका, रात्री प्रबंध, असे दोन महिने काढायची तयारी आहे का? विभाग मुदत वाढवेल का आणि व्हिसाचं काय होईल, हे दोन्ही इंटरनॅशनल ऑफिसला विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या.