होयबा

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलायची, समजा १३.५ वरून १४.३ वर जायचं, तर एक अख्खी संध्याकाळ हाताशी ठेवावी. त्या संध्याकाळी यंत्र प्रश्न विचारतं आणि मी ‘वाय’, म्हणजे येस, दाबतो. सुरुवातीला प्रश्न पूर्ण वाचतो. थोड्या वेळाने प्रश्नाचा शेवटचा शब्द तेवढा वाचतो. मग नुसतं प्रश्नचिन्ह दिसलं तरी बोट पुढे सरसावतं. तासाभरात माझा पुरता होयबा झालेला असतो.

तयारीबद्दल फार सांगत नाही. करणारे ती आधीच करतात आणि न करणारे हे वाचूनही करणार नाहीत. डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर ‘बीईसीटीएल क्रिएट’ आणि पुढे एखादं नाव, एवढं लिहिलं की चालू सिस्टिमची प्रत तयार. काही सेकंद लागतात आणि जागा जवळजवळ लागतच नाही. पुढे बोंब झाली तर बूट मेनूतून ही प्रत निवडायची आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने कामाला लागायचं. नेहमीच्या मांडणीत होम डिरेक्टरी या प्रतीत नसते, तिचा बॅकअप निराळा घ्यावा लागतो. सर्व्हर दूर असेल तर सगळं टीमक्स या प्रोग्रॅमच्या आत चालवावं, म्हणजे नेट गेलं तरी काम अर्ध्यावर लटकत नाही.

मग ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ या कमांडला नवी आवृत्ती सांगून ‘अपग्रेड’ म्हणायचं. आधी ते अदमास घेतं: हे हे भाग बसवलेले दिसतात, हे हे दिसत नाहीत, बरोबर ना? वाय. मग हजारो पॅच, म्हणजे बदलांचे तुकडे, उतरवायला लागतं आणि १०, २०, ३० असे आकडे मोजत बसतं. अगदी शेवटी कोणत्या फाइली जाणार, कोणत्या येणार, कोणत्या बदलणार, याच्या लांबलचक याद्या पडद्यावर येतात. यादी संपली की तळाशी ‘एंड’ असं दिसतं आणि नवखा माणूस शेवट झाला समजून थांबून राहतो. यंत्रही थांबून राहतं. दोघं एकमेकांची वाट बघत असताना खरं तर फक्त ‘क्यू’ दाबायचा असतो.

खरी परीक्षा या याद्यांच्या आधी होते, सेटिंगच्या फाइली ठेवणाऱ्या ‘ईटीसी’ डिरेक्टरीची. तिथल्या फाइलींत आपण वर्षानुवर्षं ठिगळं लावलेली असतात आणि नव्या आवृत्तीतही त्या फाइली बदललेल्या असतात. दोन्हींचा मेळ आपोआप बसला तर उत्तम. नाही बसला तर यंत्र ती फाइल थेट व्हीआय या एडिटरमध्ये उघडून देतं. कलत्या बाणांच्या एका ओळीखाली आपलं, बरोबरच्या चिन्हांच्या ओळीखाली नवं, आणि शेवटी उलट्या बाणांची ओळ. यातलं हवं ते ठेवायचं, नको ते काढायचं आणि खुणांच्या या तिन्ही ओळी पुसायच्या. होयबा माणूस इथे काय करतो? काहीही न करता फाइल साठवतो आणि बाहेर पडतो. यंत्र बदल दाखवून विचारतं, हे ठीक दिसतंय का? वाय.

ठीक नसतं. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडी सेवेच्या कॉन्फिगमध्ये ते बाण तसेच राहिले तर सेवा सुरूच होत नाही, आणि दूरच्या सर्व्हरचं दार आतून बंद होतं. रीबूट करण्याआधी ‘एसएसएचडी’ला ‘वजा टी’ लावून तपासणी करता येते. तिला एक सेकंदही लागत नाही, तरी ती कुणी करत नाही. ‘मास्टर डॉट पासवर्ड’ फाइलीचं तर विचारूच नका. तिथे नवं ते चांगलं असं समजून नवा भाग ठेवला की तुमचे सगळे वापरकर्ते गायब आणि रूटला, म्हणजे मुख्य वापरकर्त्याला, पासवर्डच नाही.

आणि ‘एन’ म्हटलं तर? तर यंत्र सगळा गाशा गुंडाळतं आणि तुम्हाला पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन बसवतं. उतरवलेल्या फाइली जागेवर असतात, पण मेळ घालायचं काम नव्याने करायचं. नकाराला एवढा दंड ठेवल्यावर माणूस होयबा होणार नाही तर काय होणार!

आता ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ला ‘इन्स्टॉल’ म्हणायचं. हे तीनदा करावं लागतं, आणि दुसऱ्यांदा केल्यावर झालं असं वाटतं हीच त्यातली मेख. पहिल्या वेळी फक्त कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलतो. नवा कर्नल जुने प्रोग्रॅम सांभाळून घेतो, पण नव्या प्रोग्रॅमनी मागितलेल्या गोष्टी जुन्या कर्नलला ठाऊक नसतात, म्हणून हा क्रम. मग रीबूट. ग्राफिक्सचं मॉड्यूल पॅकेजमधून घेतलेलं असेल तर या रीबूटआधी ‘आरसी डॉट कॉन्फ’मधली, मॉड्यूल चढवणारी ‘केएलडी लिस्ट’ची ओळ बंद करून ठेवावी. ते मॉड्यूल १३च्या कर्नलसाठी बांधलेलं असतं आणि १४च्या कर्नलशी त्याचं पटत नाही. काळा पडदा येतो किंवा यंत्र पुन्हा पुन्हा रीबूट होत राहतं. ओळ बंद करायची राहिली असेल तर सिंगल युजर या दुरुस्तीच्या मोडमध्ये जाऊन बंद करावी लागते, आणि तिथे मूळ फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, हे फाइल साठवताना कळतं.

दुसऱ्या ‘इन्स्टॉल’मध्ये बाकीची सिस्टिम बदलते. जुन्या लायब्रऱ्या, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारे सामायिक कोड, मात्र मुद्दाम ठेवलेल्या असतात, कारण जुनी पॅकेजं त्यांच्याच जिवावर उभी आहेत. म्हणून आता पॅकेजं नवी करायची आणि त्यानंतर तिसरं ‘इन्स्टॉल’ त्या लायब्रऱ्या काढून टाकतं. पॅकेजांच्या आधीच घाईने तिसरं चालवलं, तर एकेक प्रोग्रॅम ‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणून अंग टाकतो. त्यात पॅकेजं बसवणारा ‘पीकेजी’ स्वतःही असतो, म्हणजे दुरुस्त करणाराच आजारी. अशा वेळेसाठी ‘पीकेजी-स्टॅटिक’ आहे. त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या त्याच्या पोटातच असतात. त्यालाच ‘अपग्रेड वजा एफ’ सांगावं, म्हणजे तो एकूण एक पॅकेज नव्याने बसवतो.

तो शेवटी विचारतो, पुढे जाऊ का? हा प्रश्न सगळ्या संध्याकाळीतला सर्वांत मोलाचा. नवी येणारी, बदलणारी अशी शेकडो नावं सरसर वर निघून जातात आणि त्यांतच कुठेतरी ‘हटवली जाणारी’ असा एक मथळा असतो. वाचायचं तेवढंच. एखादं पॅकेज त्या वेळी बांधणीत नापास झालेलं असेल तर ते भांडारात नसतं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं कुटुंब या यादीत येऊन बसतं. ब्राउझर गेला, डेस्कटॉप गेला. डेटाबेस तिथे दिसला तर जागच्या जागी थांबावं. पोस्टग्रेस या डेटाबेसची नवी मोठी आवृत्ती जुन्या आवृत्तीची डेटा डिरेक्टरी उघडत नाही, त्यामुळे डम्प, म्हणजे डेटाची बाहेर काढलेली प्रत, आधीच काढलेला हवा. ‘अपग्रेड’ला ‘वजा एन’ लावला की काहीही न बदलता नुसती यादी मिळते. ती फाइलीत घालावी आणि सावकाश वाचावी.

पण एवढं विचारणारं हे यंत्र नको तिथे नेमकं मुकं असतं. नवी सिस्टिम बसवताना इन्स्टॉलर डिस्क पुसण्याआधी ‘ही शेवटची संधी’ असं बजावतो. त्याआधी डिस्क निवडायला स्पेसबार लागतो. आपण एंटर दाबत राहतो आणि तो ‘पुरेशा डिस्क निवडलेल्या नाहीत’ म्हणून परत पाठवत राहतो. इतकी काळजी! आणि त्याच इन्स्टॉलरची प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवणारा ‘डीडी’ एक शब्द विचारत नाही. चालू सिस्टिमच्या डिस्कवर फ्रीबीएसडी लिहू देत नाही हे खरं, पण शेजारी खोचलेली, न जोडलेली बॅकअपची डिस्क? पेनड्राइव्ह ‘डीए शून्य’, बॅकअप ‘डीए एक’, फरक एका आकड्याचा. ‘डीडी’ गप्प काम करतो. कंट्रोल आणि टी दाबलं तर किती लिहून झालं ते सांगतो. कुठे लिहितोय ते नाही.

तिन्ही ‘इन्स्टॉल’ आटोपले की ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन’ला ‘वजा केआरयू’ लावावं. तीन ओळी येतात: बसवलेला कर्नल, चालू कर्नल आणि बाकीची सिस्टिम. तिन्हींत १४.३ दिसलं की झालं. शेवटचा पॅच क्रमांक थोडा वेगळा दिसला तरी घाबरू नये. त्या पॅचने कर्नलला हात लावलेला नसतो, एवढंच.

आणि मग सहज म्हणून मी ‘झेडपूल स्टेटस’ लावून झेडएफएसच्या पूलची, म्हणजे डिस्कवरच्या साठ्याची, तब्येत बघतो. सगळं निरोगी. खाली एक गोड सूचना असते: काही नव्या सुविधा चालू नाहीत, ‘झेडपूल अपग्रेड’ने त्या चालू करता येतील. ही कमांड वाय-एन काही विचारत नाही. ती चालली की पूल मागे नेता येत नाही, जुना बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, तो वाचू शकेल याची खात्री नाही, आणि सुरुवातीला केलेली ती जुनी प्रतही नुसती नावापुरती उरू शकते. बूटलोडर नवा करून महिनाभर सगळं नीट चाललेलं दिसेपर्यंत या सूचनेकडे कानाडोळा करायचा. मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलतो आणि मांडीखाली दाबून बसतो.