उत्तरचाचणीत सगळे पास कसे काय होतात?

परवा आमच्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत कृतिसंशोधनाचा विषय निघाला, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण घेऊन उपाय करून बघायचा आणि काय झालं ते तपासायचं. साहेब म्हणले, यावर्षी प्रत्येकानं एक तरी करायचंच आणि फाईल जमा करायची. लगेच मागून एकानं विचारलं, सर नमुना फाईल ग्रुपवर टाकता का? टाकली की. रात्रीपर्यंत तीच पीडीएफ चार ग्रुप फिरून माझ्याकडं परत आली. आधी हसू आलं, मग जरा कसंनुसं झालं, कारण २००७ ला डीएडला असताना मी पण हेच केलेलंय.

तेव्हा बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं आदल्या बॅचच्या फायली मिळायच्या. शाळेचं नाव बदलायचं, पटसंख्या बदलायची, बाकी सगळं तेच. समस्या विधान, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, व्याप्ती व मर्यादा, उपक्रमाआधीची पूर्वचाचणी, नंतरची उत्तरचाचणी. पूर्वचाचणीचं मध्यमान, म्हणजे सरासरी मार्क, आठच्या आसपास ठेवायचं आणि उत्तरचाचणीचं सोळाच्या, म्हणजे फार पण वाटत नाही आणि कमी पण वाटत नाही. निष्कर्ष ठरलेला, 'उपक्रम परिणामकारक ठरला'. निळं कव्हर, स्पायरल बायंडिंग, मार्क चांगले. ज्या शाळेचं नाव टाकलं तिथं माझे सरावपाठ सोडले तर मी एकदा सुद्धा गेलो नव्हतो, खरं सांगायचं तर.

माझा प्रश्न एवढाच आहे की आपल्या फायलीत कधीच कुणाचा उपक्रम फसत कसा नाही? वर्गात तर रोज फसतोय.

गंमत बघा, ही भानगड मुळात फाईलसाठी निघालेलीच नव्हती. कुर्ट लेविन म्हणून एक ज्यू मानसशास्त्रज्ञ, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेला. त्यानं १९४६ च्या लेखात 'अ‍ॅक्शन रिसर्च', म्हणजे कृतिसंशोधन, हा शब्द वापरला आणि तिथंच म्हणून ठेवलं की ज्या संशोधनातून नुसती पुस्तकंच निघतात ते पुरेसं नाही. आणि आपण त्याच्यातून फक्त फायली काढल्या! त्याचं म्हणणं लई सरळ होतं, ठरवा, करा, काय झालं ते तपासा आणि त्यावरून पुढचं ठरवा, असं फिरत फिरत वर जायचं. नंतर कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजातल्या स्टीफन कोरीनं १९५३ च्या सुमारास हे शाळेत आणलं, म्हणजे बाहेरून कुणी तज्ज्ञ येऊन सांगण्यापेक्षा शिक्षकानंच आपल्या वर्गातली अडचण आपण तपासावी. तेव्हा पण विद्यापीठातली मंडळी म्हणायचीच की याला काय संशोधन म्हणायचं का. म्हणू द्या.

आता माझ्या वर्गातलं सांगतो. बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीकडं डोंगरपट्ट्यातला तांडा, दोनशिक्षकी शाळा, मी आणि एक मॅडम. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडं तिसरी-चौथी मिळून १९ लेकरं होती. ५२ वजा ३७ दिलं तर १९ पैकी १३ जणांचं उत्तर २५. तेराच्या तेरा जणांचं एकच चुकीचं उत्तर, आणि मला तेव्हा एवढं पण सुचलं नाही की एकमेकांचं न बघता तेरा लेकरं एकसारखी चुकायलेत म्हणजे त्यात काहीतरी नियम असणार. मी म्हणलं सराव कमी पडतोय. रोज दहा गणितं, दोन आठवडे. तेरातली अकरा जागची हलली नाहीत, उलट चुकीचं करायचा त्यांचा स्पीड वाढला.

मग एका पोराला जवळ बसवून विचारलं, काहून असं केलं रे? तो म्हणला, "सर तुम्हीच म्हणले होते ना, मोठ्यातून लहान काढायचं. दोनापेक्षा सात मोठा हाय." म्हणून त्यानं सातातून दोन काढले, पाच. पाचातून तीन, दोन. पंचवीस.

मी गपच झालो. म्हणलं होतं मी. पहिली-दुसरीला एक अंकी वजाबाकी शिकवताना 'नेहमी मोठ्यातून लहान' हे वाक्य मी शंभर वेळा म्हणलेलं असेल. लेकरं लक्ष देत नाहीत म्हणून मी ओरडत होतो आणि त्यांनी तर माझं वाक्य इमानदारीनं पाळलं होतं. हे कुठल्या पूर्वचाचणीच्या मध्यमानात दिसणार होतं सांगा. मध्यमानात फक्त मार्क दिसतात, पोराच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, त्याला शेजारी बसून विचारावंच लागतं.

मॅडमनी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधून दिले. 'शेजारच्याकडून उसनं घे' हे म्हणायचं आम्ही बंद केलं, कारण एकानं विचारलं होतं की सर, उसनं घेतलेलं परत कधी द्यायचं? बरोबर आहे त्याचं, ज्याच्या घरी ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटता फिटत नाही त्या लेकराला उसनं म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त माहिती. त्याऐवजी 'एक गठ्ठा सोड' म्हणायला लागलो. तीन आठवड्यांनी परत चाचणी घेतली, तेरावरून चारवर आलो. लई खूश. मॅडमला कागद दाखवला तर त्या दोन मिनिटं बघून म्हणल्या, "सर, गणितं तीच हायेत की."

झालं. दुसऱ्या दिवशी नवीन गणितं दिली, त्यात ४०२ वजा १७८ मुद्दाम टाकलं. नऊ जण चुकले. दशकाच्या घरात शून्य, सोडायला गठ्ठाच नाही, शंभरातला सोडावा लागतो आणि शंभराचा गठ्ठा आम्ही बांधलेलाच नव्हता. म्हणजे चूक परत आमचीच. दहा गठ्ठ्यांचा एक भारा बांधला आणि परत पहिल्यापासून सुरू.

हे सगळं मी शंभर पानी वहीत लिहीत होतो. तारीख, लेकराच्या नावाचं पहिलं अक्षर, काय चुकला, काहून चुकला, आपण काय बदललं. एवढंच. १९ लेकरांसाठी आलेख आणि प्रमाण विचलन कशाला पाहिजे राव, बोटावर मोजता येतात ती. आणि माझ्या वहीवरून मी लातूरच्या शिक्षकाला सांगू पण शकत नाही की तुराट्याच वापरा. ते माझ्या वर्गापुरतं खरं आहे, त्याचं त्यानं बघावं.

तेवढ्यात दिवाळी आली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला की ऊसतोडीला अर्धा तांडा रिकामा होतो. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. हंगामी वसतिगृह आणि म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर काही लेकरं मागं राहिली पण सात गेलीच. आता फाईलमध्ये या सातांचं काय करतात माहितीय का? १९ च्या जागी 'नमुना', म्हणजे अभ्यासातली लेकरं, १२ लिहितात. जे गेले ते आकड्यातून पण गेले. आणि गेले ते बहुतेक चुकणारेच असतात, त्यामुळं निकाल आपोआप सुधारतो, उपक्रम परिणामकारक ठरतो. माझा खरा राग याच्यावर आहे. झेरॉक्सवाली फाईल तरी उघड खोटी असते, ही खरी दिसते.

शिक्षकांना शिव्या देण्यासाठी लिहीत नाही बरं का. दोन माणसं, चार वर्ग, खिचडीचा हिशोब, पोर्टलवरची माहिती, वर मतदार यादीची बीएलओ ड्युटी, त्यात कृतिसंशोधन हे अजून एक जास्तीचं काम म्हणून आलं तर माणूस पीडीएफच शोधणार. साहेबांना एवढंच म्हणायचंय की फाईल मागू नका. परिषदेत अर्धा तास द्या आणि यावर्षी वर्गात काय फसलं ते ज्याला त्याला सांगू द्या. पहिल्या वेळी कुणी बोलणार नाही, नक्की सांगतो. साहेबांनी आधी स्वतःचं एक सांगितलं तर बोलतील कदाचित.

तर ती सात लेकरं मार्चच्या शेवटी परत आली. मी धरून चाललो होतो की सगळं विसरून आली असणार, आणि सहा जण विसरलेच होते. सातवी एक पोरगी. तिला ५२ वजा ३७ दिलं तर तिनं पाटीवर काहीच मांडलं नाही, वर बघितलं आणि म्हणली पंधरा. कसं केलं गं? "सदतिसाला तीन घातले की चाळीस, मग बारा." कुणी शिकवलं? कुणीच नाही म्हणे, उसाच्या फडावर आईच्या मागं मोळ्या मोजायची, किती झाल्या आणि अजून किती पाहिजेत.

मी लगेच ४०२ वजा १७८ टाकलं. १७८ ला दोन घातले १८०, वीस घातले २००, मग २०२. थोडं थांबली, बोटं मोडली, २२४ म्हणली. गठ्ठा सोडायचं कामच पडलं नाही.

माझ्या तीन महिन्यांच्या वहीत ही पद्धत कुठंच नव्हती. दुसऱ्या दिवशी तिलाच फळ्यावर उभं केलं आणि बाकीच्यांना दाखवायला लावलं, तर तिघांना गठ्ठ्यापेक्षा हेच लवकर जमलं, दोघांचा पार गोंधळ झाला. आता ती उभी मांडणी करत नाही, हातचा दाखवत नाही, तर पेपरात तिला पूर्ण मार्क द्यायचे का नाही यावर मॅडमचं आणि माझं अजून जमलेलं नाही. मी द्यायचे म्हणतो, त्या म्हणतात पुढच्या शाळेत कोण देणार.

कुणी वर्गात असं काही करून बघितलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. पीडीएफ तेवढी पाठवू नका.