बाबेलला गेलेलं पत्र पूर्ण वाचा

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11. परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे सांगणारं वचन. आपल्या ख्रिस्ती समाजात हे वचन नाही असं घर शोधून सापडायचं नाही. कॅलेंडरवर आहे, लग्नपत्रिकेवर आहे, दहावीच्या निकालादिवशी व्हॉट्सॲपवर येतं, दवाखान्यात पेशंटच्या उशाशी ठेवलेल्या कार्डावरही तेच असतं. मलाही ते फार प्रिय आहे. पण हे वचन ज्या पत्रातलं आहे ते पत्र आपण वाचत नाही. त्यामुळे आशीर्वाद म्हणजे लवकर सुटका, अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये पक्की होऊन बसली आहे. तिने माणसं दुखावली जातात, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

ते पत्र होतं. प्रवचन नव्हतं, स्तोत्रही नव्हतं. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाची राजधानी यरुशलेम घेतली आणि तरुण राजा यहोयाखीन, त्याची आई, सरदार, सुतार, लोहार, म्हणजे शहर ज्यांच्यावर चालतं अशी सगळी माणसं बाबेलला नेली. मागे यरुशलेमात सिद्कीयाला गादीवर बसवलं. यिर्मया मागेच राहिला. सिद्कीयाने बाबेलला आपले वकील पाठवले तेव्हा शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या यांच्या हाती यिर्मयाने हे पत्र दिलं. वाचणारे लोक परक्या मुलखात, हरलेले, घरदार सुटलेले. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता: परत कधी?

त्या प्रश्नाला सोपं उत्तर देणारा माणूसही होता. यिर्मयाच्या पुस्तकाचा 28 वा अध्याय काढा. गिबोनचा हनन्या मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत उभा राहून सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल: मंदिराची पात्रं, राजा यहोयाखीन, नेलेले सगळे लोक. परमेश्वराच्या नावाने सांगतो. यिर्मयाच्या मानेवर त्या वेळी लाकडी जू होतं, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून. हनन्या ते काढतो आणि सगळ्यांसमोर मोडतो. काय टाळ्या पडल्या असतील!

आणि यिर्मया काय म्हणतो? आधी म्हणतो, "आमेन, परमेश्वर तसंच करो." मला हा माणूस इथे फार आवडतो. लोकांचं भलं व्हावं असं त्यालाही मनापासून वाटतंय. पण असं होणार नाही हे त्याला ठाऊक आहे. हनन्या जू मोडतो तेव्हा यिर्मया तिथल्या तिथे वाद घालत नाही, निघून जातो. मग परमेश्वराचं वचन येतं तेव्हा परत जाऊन सांगतो: तू लाकडाचं जू मोडलंस, आता लोखंडाचं येईल, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला.

राजा यहोयाखीनचं पुढे काय झालं हेही बघा. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांतला मजकूर 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. राजवाड्यातून कोणाला किती शिधा दिला त्याचा तो हिशेब. त्यात यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. साल इ.स.पू. 592. हनन्याने दिलेली मुदत संपली त्या सुमाराला राजा बाबेलातच शिध्याचं तेल घेत होता. त्याला तुरुंगातून बाहेर काढलं बंदिवासाच्या 37 व्या वर्षी, आणि तेव्हाही घरी पाठवलं नाही.

आज हनन्या कमी नाहीत. नाव कोणाचं घेणार नाही. आमच्याकडे एका सभेत बाहेरून आलेल्या संदेशकांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की इथे बसलेल्या प्रत्येक आजाऱ्याला या वर्षी सुटका आहे, विश्वास ठेवा आणि घ्या. आमच्या मंडळीतल्या एका ताईंच्या मिस्टरांचं डायलिसिस चालू होतं. ताईंनी तो शब्द गाठीला बांधला. वर्ष सरलं, डायलिसिस सुरूच राहिलं. उपासनेनंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्याच विश्वासात काही कमी असेल का गं?" ज्या बाईने आठवड्यातून दोनदा पहाटेची एसटी धरून नवऱ्याला शहरात नेलं, परत आणलं, डबा केला, पथ्य सांभाळलं, तिच्या पदरात आपण हा प्रश्न टाकला. संदेशक त्याआधीच पुढच्या गावाला गेले होते. मला तेव्हा राग आला होता आणि आजही आहे.

आता पत्रात काय आहे ते पाहू. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या, वाढा, कमी होऊ नका. आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचं होईल. मग ताकीद: तुमच्यातल्या खोट्या संदेष्ट्यांना भुलू नका. मग दहावं वचन: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन आणि तुम्हाला परत आणीन. आणि त्याला लागूनच अकरावं, आपलं कार्डावरचं.

सत्तर वर्षं! ज्याने ते पत्र तिशीत हातात घेतलं तो परत जाणार नव्हता, हे त्याला त्याच क्षणी कळलं असणार. अकरावं वचन अशा माणसाला लिहिलेलं आहे. हिताचे संकल्प आहेत, आणि तू इथेच म्हातारा होणार आहेस. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात, एकाच देवाच्या तोंडून. हे ऐकून सगळे खूश झाले असंही नाही. बाबेलमधल्या शमाया नेहेलामीने यरुशलेमला उलटं पत्र धाडलं की हा वेडा माणूस आम्हाला 'अजून खूप काळ लागेल' असं लिहितोय, याला खोड्यात का घालत नाही?

पण विचार करा, या पत्रात काळजी किती आहे. ज्याला लोकांची पर्वा नसते तो 'धीर धरा' एवढंच म्हणून मोकळा होतो. इथे परमेश्वर त्यांच्या जेवणाचा विचार करतोय, डोक्यावरच्या छपराचा करतोय, मुलीच्या लग्नाचा करतोय. सुटकेची वाट बघत आयुष्य टांगून ठेवू नका, म्हणतोय. आणि शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना करायला सांगून त्यांच्या मनातला कडवटपणाही तो काढू पाहतोय.

लोकांनी खरंच तसं केलं का? इराकमधून बाजारात आलेल्या सुमारे 200 मातीच्या पाट्यांमधून एका वस्तीचं नाव पुढे आलं: आल-याहूदू, म्हणजे यहूदाचं गाव, थेट बाबेलच्या मुलखात. 2014 मध्ये त्यांतल्या शंभरेक पाट्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. सर्वांत जुनी इ.स.पू. 572 ची आहे. मजकूर अगदी साधा: शेतीचा खंड, कर्ज, जव, खजूर, देणंघेणं. आणि माणसांची नावं परमेश्वराच्या नावावरून ठेवलेली. कुठल्याही तहसील कचेरीत सापडावेत असे व्यवहार आहेत ते, पण मला त्यात उत्तर मिळालेल्या प्रार्थना दिसतात. घरं बांधली, बागा लावल्या, आणि पोरांची नावं ठेवताना देव विसरले नाहीत. त्याच काळात खबार नदीकाठी बंदिवानांमध्ये राहणाऱ्या यहेज्केल संदेष्ट्याला परमेश्वर सांगत होता की मी त्यांना दूर देशी विखरलं खरं, पण तिथे मीच त्यांचं पवित्रस्थान झालो आहे. मंदिर मागे राहिलं होतं, देव मागे राहिला नव्हता.

मग भविष्यातल्या आशीर्वादाचं काय? संदेष्ट्यांनी तो सांगितलाच नाही का? सांगितला, भरभरून सांगितला, आणि यिर्मयाने तर त्यासाठी स्वतःचे पैसे मोजले. 32 वा अध्याय माझ्या मते सगळ्या संदेष्ट्यांच्या लिखाणातला सर्वांत मोठा आशीर्वादाचा अध्याय आहे, आणि त्यावर प्रवचन क्वचितच ऐकायला मिळतं.

इ.स.पू. 587 चा सुमार. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातला आहे, तटाला मातीचे मोर्चे, म्हणजे तटावर चढायचे उतार, लागले आहेत, आत अन्न संपत चाललंय. यिर्मया स्वतः राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथची माझी जमीन घे, जवळचा नातलग म्हणून ती सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ म्हणजे यरुशलेमपासून चार-पाच किलोमीटरवरचं गाव. तटाबाहेर, शत्रूच्या ताब्यातल्या टापूत. त्या जमिनीची किंमत काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. शिवाय याच अनाथोथच्या माणसांनी पूर्वी यिर्मयाला बजावलं होतं की परमेश्वराच्या नावाने संदेश देऊ नकोस, नाहीतर आमच्या हातून मरशील. हे त्याचं जन्मगाव.

आणि तो जमीन घेतो. व्यवहार कसा केला ते नीट वाचा, शास्त्राने इथे एकही बारकावा सोडलेला नाही. 17 शेकेल चांदी, आजच्या मापाने 200 ग्रॅमच्या आतबाहेर, तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, सही केली, मोहोर केली. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. खताच्या दोन प्रती: एक अटी-नियमांसह मोहोरबंद, एक उघडी. हानामेलच्या, साक्षीदारांच्या आणि चौकात बसलेल्या सगळ्या यहुद्यांच्या देखत ती आपला लेखनिक, नेरीयाचा मुलगा बारूख, याच्या हाती दिली आणि सांगितलं, मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

जमिनीचा एक कागद हरवला तर तीन पिढ्या कोर्टात जातात हे पाहिलेले आपण लोक. म्हणून ते मडकं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. हनन्याने जू मोडलं त्यात त्याचा एक पैसाही गेला नाही. यिर्मयाने सगळ्यांसमोर चांदी मोजली. खत बारूखाच्या हाती दिल्यावर मात्र तो प्रार्थनेला बसतो आणि त्या प्रार्थनेत त्याची घालमेल लपत नाही: प्रभू परमेश्वरा, मोर्चे तटाला भिडलेत, शहर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती चाललंय, आणि तू मला म्हणतोस साक्षीदार बोलावून शेत विकत घे? विश्वासाच्या माणसाने असं बोलावं का, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अध्याय वाचावा. परमेश्वर त्याच्यावर रागावत नाही. 'मला काही अशक्य आहे काय?' असं विचारतो आणि पुढे किती वेळ समजावून सांगत राहतो.

यिर्मयाने ते शेत कधी कसलं नाही. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, आणि उरलेल्या लोकांनी त्याला त्याच्या सल्ल्याविरुद्ध मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं. शास्त्रात त्याचं शेवटचं बोलणं तिथलंच आहे. पुढे इ.स.पू. 539 मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं आणि लोकांना परतायची मोकळीक दिली. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची यादी आहे. एकूण 42,360. वाचताना आपण ही यादी ओलांडून पुढे जातो, नुसती गावं आणि आकडे म्हणून. पण 23 व्या वचनावर थांबा: अनाथोथचे लोक, 128.

हा आकडा पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा माझे डोळे भरून आले. ज्या गावाने त्याला मारायची धमकी दिली त्या गावातले 128 लोक घरी आले. खरेदीखताचं जे म्हणणं होतं ते खरं झालं.

मला माहीत आहे, यावर कोणीतरी म्हणेल की म्हणजे आजाऱ्यासाठी बरं होण्याची प्रार्थनाच करायची नाही का? करायची, रोज करायची. देव आजही बरं करतो, माझा त्यावर विश्वास आहे. पण तारीख आपण द्यायची नाही. आणि तारीख चुकली तर दोष त्या दुखणाइताच्या विश्वासावर तर मुळीच टाकायचा नाही. ज्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबल मराठीत आणण्यात घालवली, त्यांनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली केडगावला आणल्या तेव्हा त्यांना नुसतं वचन वाचून दाखवलं नाही. तिथे विहिरी होत्या, शेत होतं, शाळा होती, विणकाम आणि पुढे छापखानाही होता. घरं बांधा, बागा लावा, हे पत्रातलं वाक्य आपल्याच महाराष्ट्रात कोणी जगून दाखवलं असेल तर ते त्यांनी.

जखऱ्या संदेष्ट्याने परतलेल्या लोकांना जो आशीर्वाद सांगितला तोही बघा. मंदिर अजून बांधून पूर्ण झालेलं नाही, गाव ओसाड पडलंय, आणि तो सांगतो की यरुशलेमच्या चौकांत म्हातारे-म्हाताऱ्या बसतील, वय झाल्यामुळे प्रत्येकाच्या हातात काठी असेल, आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून जातील. गाडी, बंगला, व्हिसा यांतलं काही नाही. आजी-आजोबा सुखाने म्हातारे झालेत आणि पोरं निर्धास्त खेळताहेत. देवाला आपल्या लोकांसाठी हे हवं आहे. आमच्या मंडळीत डायलिसिसच्या दिवशी त्या ताईंबरोबर दवाखान्यात कोणी बसायचं याची आता पाळी लावली आहे, महिन्यातून एकदा माझीही येते. त्यांना मी पुन्हा अकरावं वचन पाठवलं नाही. एका पाळीला आम्ही दोघींनी मशीन चालू असताना 28, 29 आणि 32 हे तिन्ही अध्याय सलग वाचले. त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलं कोणी?"

पाळकांनो, संदेशकांनो, संडे स्कूलच्या शिक्षकांनो, हा प्रश्न तुमच्यासमोर आणि माझ्यासमोर ठेवते. पुढच्या वेळी व्यासपीठावरून 29:11 वाचाल तेव्हा निदान दहाव्या वचनापासून सुरुवात करा.