औषधाआधी पाणी का? निपाणीच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत भागणारी नव्हती, म्हणून वेळ काढून लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी आधी ती थोडक्यात सांगतो. गोल्डफिश आजारी दिसला तर औषधाआधी पाणी बघा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ताईंच्या घरी पाच लिटरच्या काचेच्या बाऊलमध्ये दोन गोल्डफिश होते. एक वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला, पर मिटून बसला, परांच्या कडा काळ्या पडल्या. दुकानदाराने टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकायला सांगितली. लेख वाचून ताईंनी ती टाकली नाही. बोअरच्या पाण्याने बाऊल एकदा पूर्ण बदलला, खडे घासून धुतले आणि वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मासा गेला. "मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. साठ रुपयांच्या माशाला मोठी टाकी नि पाणी तपासायचं महागडं किट सांगणारे तुम्ही, आमच्यासारख्यांनी काय करायचं? दुकानदाराचं ऐकलं असतं तर मासा वाचला असता," असं त्या लिहितात. दुसऱ्या माशाच्या अंगावर आता पांढरे ठिपके दिसताहेत, तेव्हाही वाट बघायची का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

मुलाचं वाचून फार वाईट वाटलं. मासा साठ रुपयांचा असेल, पण रोज सकाळी दात घासायच्या आधी ज्याला खायला घालायचं तो पोराच्या लेखी घरातलाच असतो. म्हणून आधी हे स्पष्ट सांगतो, की त्या कॅप्सूलने तुमचा मासा वाचला नसता. का, ते सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण दुसरा मासा अजून त्याच बाऊलमध्ये आहे.

तुम्ही जे लिहिलंय ते अमोनियाच्या विषबाधेचं चित्र आहे. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यात विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून आणखी भर पडते. गोल्डफिशला जठरच नसतं, त्यामुळे तो दिवसभर थोडं थोडं खातो आणि तेवढंच बाहेर टाकतो. पाच लिटर पाण्यात दोन मासे, वर मुलाने प्रेमाने टाकलेले ब्रेडचे तुकडे, म्हणजे अमोनिया बघता बघता वाढतो. कल्ले भाजतात, श्वास पुरत नाही, मासा वर येऊन धडपडतो. काळ्या कडा अनेकदा भाजलेली कातडी भरून येत असताना दिसतात. म्हणजे त्याचं अंग सावरायचा प्रयत्न करत होतं आणि पाणी त्याला सावरू देत नव्हतं.

आता तुमचं बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसतो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पाणी जड, क्षारांचं आहे आणि अशा पाण्याचा पीएचही (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) बहुतेक वेळा 8 च्या आसपास असतो. पाण्यातला सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की त्यातला खरा मारक हिस्सा जवळपास दहापट होतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की आणखी वाढतो. बेळगाव शहरात राकसकोप नि हिडकल जलाशयांचं नळाचं पाणी वापरणाऱ्यांना क्लोरिनची काळजी घ्यावी लागते. तुम्हाला क्लोरिनची नाही, या पीएचची घ्यायची आहे.

हेच जड पाणी टेट्रासायक्लिनलाही निकामी करतं. पाण्यातलं कॅल्शियम नि मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून ठेवतं. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे पाण्यात ढवळलेल्या कॅप्सूलमधलं फारच थोडं त्याच्या अंगात जातं. वर हे जंतू मारायचं औषध. तुमच्या माशाला जंतूंचा आजार नव्हता. अमोनिया खाणारे चांगले जिवाणू खड्यांवर नि फिल्टरच्या स्पंजवर वाढतात, त्यांनाही अशी औषधं बाधू शकतात. पाणी पिवळं होतं, मग काळसर होतं, आणि आपल्याला वाटतं काहीतरी उपचार चाललाय.

दुकानदारांवर माझा राग नाही. आपल्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री बघणारे डॉक्टर भेटतात, मासे बघणारे क्वचितच. आपल्या जवळची मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं म्हणाल तर रत्नागिरीजवळ शिरगावला नाहीतर थेट मंगळूरला. मग गल्लीतला दुकानदारच डॉक्टर होतो आणि त्याच्याकडे जी बाटली असते तीच सगळ्या आजारांवर दिली जाते. तो फसवतो असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक तक्रारीवर तीच निळी बाटली निघत असेल, तर पाण्याबद्दल त्याने एक तरी प्रश्न विचारला का, एवढं बघा.

पैशाचा तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो. मोठी काचेची टाकी लागतेच असं नाही. घरात 40-50 लिटरचा प्लास्टिकचा टब किंवा पिंपाचा कापलेला अर्धा भाग असेल तर आज संध्याकाळीच त्यात पाणी भरून ठेवा नि उद्या सकाळी दुसऱ्या माशाला त्यात हलवा. साबणाचा, फिनेलचा हात लागलेला टब नको. बोअरचं पाणी रात्रभर साठवून, त्यात साधा एअर पंप सोडून मग वापरा, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. हलवताना बाऊलमध्ये नवं पाणी अर्ध्या तासात थोडं थोडं घालत जा नि मग मासा टबात सोडा. वळवाच्या पावसात लाईट गेली तर तांब्याने पाणी उचलून वरून धार धरायची, दर थोड्या वेळाने. दोन दिवस खायला काहीच घालू नका, उपासाने गोल्डफिश मरत नाही. त्यानंतर रोज चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदला. सगळं एकदम बदलायचं नाही आणि खडे किंवा स्पंज घासायचे नाहीत, काढलेल्या जुन्या पाण्यातच हलवून घ्यायचे. तुमच्या बाबतीत घात झाला तो इथे. पाणी एकदा स्वच्छ झालं, पण चांगले जिवाणू धुऊन गेले आणि पुढच्या तीन दिवसांत अमोनिया होता तिथे आला. औषधाआधी पाणी म्हणजे हे रोजचं बदलणं. वाट बघणं त्यात कुठेच नाही. किट चार-पाच घरांत मिळून एक घेतलं तरी पुरतं, तेवढी माणसं निपाणीत नक्की सापडतील.

आता पांढरे ठिपके. इथे थांबायचं नाही, पण आधी ते ठिपके कुठे आहेत ते उजेडात नीट बघा. फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर, ओळीत, एकसारखे असतील आणि मासा मजेत फिरत असेल, तर तो वयात आलेला नर आहे. ते विणीच्या काळातले ठिपके असतात, त्यांना औषध लागत नाही. अंगभर, शेपटीवर, रवा भुरभुरल्यासारखे विखुरलेले असतील आणि मासा टबाच्या तळाला अंग घासत असेल, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आहे.

हा परजीवी ठिपक्यात असताना कातडीखाली लपलेला असतो, तिथे पाण्यातलं औषध पोचत नाही. पिकला की गळून तळाला जातो, तिथे कोष करून एकाचे शेकडो होतात, आणि ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. औषधाचा परिणाम होतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेले, औषध बंद केलं, आणि आठवड्याने दुप्पट ठिपके आले, असं होतं. 25 अंशाच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभरात फिरतं, थंडीत कितीतरी लांबतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी चांगलंच गार पडतं, तेव्हा उन्हाळ्यापेक्षा जास्त दिवस उपचार चालू ठेवावे लागतात.

सुरुवात जाड्या मिठाने करा. लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 40 लिटरला 120 ग्रॅम. किराणावाल्याकडून वजन करून आणा. तीन भाग करून, प्रत्येक भाग वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून, बारा-बारा तासांनी घाला. मीठ उडून जात नाही, हे लक्षात ठेवा. पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत घालायचं, नाहीतर आठवड्यात पाणी खारट होईल. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही पुढे दहा दिवस तरी चालू ठेवा. मिठाने चार-पाच दिवसांत काहीच फरक पडला नाही तर मॅलाकाइट ग्रीनचं तयार औषध घ्या. पण बाटलीवरच्या मापानेच, हातमोजे घालून आणि मुलाला लांब ठेवून. ते माणसालाही चांगलं नाही.

मिठाचा आणखी एक फायदा तुमच्या टबात होईल. अमोनिया खाल्ल्यावर जिवाणू नायट्राइट तयार करतात, ते माशाच्या रक्तात जाऊन प्राणवायू वाहून नेणं अडवतं. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरायला अडवतं. नव्या टबाच्या पहिल्या महिन्यात हे खूप उपयोगी पडतं.

बाकी आजारांचं थोडक्यात. परांच्या कडा झिजून फाटल्यासारख्या झाल्या की तीही बहुधा घाण पाण्याचीच तक्रार असते. पाणी सुधारूनही झीज अंगाकडे सरकत राहिली तरच जंतूंचं औषध. गोल गरगरीत जातीचा मासा उलटा होऊन तरंगत असेल तर दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला वाटाणा, आणि पुढे बुडणारं खाणं. तळ्यातलं शेवाळ नि वनस्पती आणून टबात टाकू नका. त्यातून नांगरकिडा येतो, अंगातून दोरा लोंबल्यासारखा दिसतो. तो चिमट्याने मुळाशी धरून काढावा लागतो, आणि पाण्यातल्या पिल्लांसाठी वेगळं औषध लागतं. इथे नुसतं पाणी बदलून भागत नाही. पोट फुगून, वरून पाहिलं की सगळे खवले उभे राहिलेले दिसले, तर मूत्रपिंड निकामी होत आलेलं असतं. त्यातून फार थोडे मासे वाचतात. असं झालं तर कुणी जादूची बाटली दिली तरी पैसे घालवू नका, आणि स्वतःला दोष देऊ नका.

मुलाला नवा मासा कधी आणायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो विचारत असणार. टबातलं अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दाखवेपर्यंत नाही. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. आणल्यावर नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत, वेगळी जाळी वापरून ठेवा. तोपर्यंत या एकट्याचं पाणी रोज बदला. मिठाचा पहिला हप्ता घातल्यावर ठिपके कुठे नि किती आहेत, मासा तळाला बसतो की फिरतो, हे इथेच लिहा. फोटो वरून आणि बाजूने असे दोन टाका.